लघुपाटबंधारे तलावातील गाळ काढला, तरी पाटाच्या शेवटच्या शेताला पाणी का मिळत नाही?

प्रश्न : बालाघाटावरचा

नमस्कार. आमचे गाव बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या पठारावर आहे. गावाच्या वरच्या अंगाला मातीच्या पाळीचा (बांधाचा) एक लघुपाटबंधारे तलाव असून त्याचे काम १९७२ च्या दुष्काळात सुरू झाले. माझी आजी त्या कामावर मातीच्या पाट्या वाहत असे आणि दुपारी मिळणारी सुकडी स्वतः न खाता पदरात बांधून मुलांसाठी घरी आणत असे, हे ती आजही सांगते. तलावावरच्या गंजलेल्या फलकानुसार पाळीची लांबी ४२० मीटर, पायापासूनची उंची १३ मीटर, साठवण क्षमता १.२ दलघमी (दशलक्ष घनमीटर) आणि लाभक्षेत्र १८० हेक्टर आहे. डाव्या तीरावरून सुमारे पाच किलोमीटरचा मातीचा पाट निघतो आणि आमचे शेत त्या पाटाच्या अगदी शेपटाला आहे.

गेल्या दोन उन्हाळ्यांत गावाने लोकवर्गणी करून आणि शासकीय योजनेतून इंधनाचा खर्च मिळवून तलावातला गाळ काढला. दोन पोकलेन यंत्रे लावली होती आणि मोजदाद ठेवणाऱ्या मुलांच्या वहीप्रमाणे सुमारे ८,००० ट्रॉल्या गाळ शेतांवर गेला. त्यानंतरच्या पावसाळ्यात तलाव पूर्ण भरला, सप्टेंबरात सांडवाही वाहिला, गावाने नारळ फोडला. असे असूनही रब्बीत ज्वारीला पाण्याची पहिली पाळी कशीबशी मिळाली आणि जानेवारीतल्या दुसऱ्या पाळीचे पाणी आमच्या शिवाराच्या दीड किलोमीटर अलीकडेच संपले. आता ग्रामसभेपुढे पुन्हा वर्गणी काढून यंदाही गाळ काढण्याचा प्रस्ताव आहे. मी ग्रामपंचायतीचा नवा सदस्य असल्याने मला त्यावर बोलावे लागेल. गाळ काढल्याने नेमके किती पाणी वाढते, आणि वाढलेले पाणी जाते कुठे, हे जाणकारांनी समजावून सांगितल्यास उपकार होतील. माझा गाळ काढण्यास विरोध नाही, परंतु दोन वर्षे पैसे देऊनही ज्यांच्या बांधाला पाणी लागले नाही, त्यांना तिसऱ्या वर्षी पैसे मागताना माझ्याकडे उत्तर असायला हवे.

उत्तर : निवृत्त शाखा अभियंता

आपण आकडे दिलेत म्हणून उत्तर देणे सोपे झाले, कारण बहुतेक वेळा असा प्रश्न विचारणाऱ्याला स्वतःच्या तलावाची क्षमताही ठाऊक नसते.

प्रथम गाळाचा हिशेब पाहू. ट्रॅक्टरची एक ट्रॉली म्हणजे ढोबळमानाने एक ब्रास, म्हणजे १०० घनफूट किंवा २.८३ घनमीटर. ८,००० ट्रॉल्यांचे सुमारे साडेबावीस हजार घनमीटर होतात. आपल्या तलावाची क्षमता १.२ दलघमी, म्हणजे बारा लाख घनमीटर आहे. दोन उन्हाळ्यांच्या मेहनतीने आपण क्षमतेत दोन टक्क्यांहूनही किंचित कमी भर घातली. एका हेक्टरला दहा सेंटिमीटर खोलीची एक पाळी द्यायला एक हजार घनमीटर पाणी लागते, म्हणून वाटेत एक थेंबही वाया गेला नाही असे धरले तरी ही वाढ साडेबावीस हेक्टरांच्या एका पाळीपुरती आहे. मातीच्या पाटातून पाच किलोमीटर जाताना वाटेत किती मुरते हे आपण रोज पाहताच.

ही वाढसुद्धा खरी कधी? तर गाळ योग्य जागेवरून निघाला असेल तेव्हाच. पाटात पाणी सोडणारा विमोचक ज्या पातळीवर बसवलेला असतो त्याला उंबरठा पातळी म्हणतात आणि तिच्याखालचे पाणी म्हणजे मृत साठा. ते पाणी गुरुत्वाने पाटात येऊच शकत नाही. पोकलेनवाल्याला काम सोपे पडावे म्हणून तो पाळीसमोरच्या सर्वांत खोल भागात यंत्र उतरवतो, तिथे एकाच जागी खोल खड्डा करतो आणि तलाव खोल झालेला पाहून सगळे खूश होतात. तो खड्डा उंबरठ्याच्या खाली असेल तर पाटाच्या दृष्टीने त्या खोदाईचा उपयोग शून्य आहे. आपल्याकडचे ८,००० ब्रास कुठून निघाले, हे आपण सांगितलेले नाही. माझा अंदाज आहे की ते पाळीसमोरूनच निघाले असावेत, आणि तो चुकीचा ठरला तर मला आनंदच होईल.

पाळीसमोर खोदण्यात आणखी एक धोका आहे. पन्नास वर्षांत तिथे बसलेला बारीक चिकण गाळ हा तलावाच्या तळाचे आणि पाळीच्या पायथ्याचे एक प्रकारचे लिंपण असतो. तो ओरबाडून खालचा मुरूम उघडा केला की तलाव गळू लागतो. पाझर तलावात पाणी मुरवणे हाच हेतू असल्याने तिथला गाळ काढणे ही निराळी गोष्ट आहे. सिंचनाच्या तलावात मात्र शाखा अभियंत्याकडून पाळीपासूनचे सुरक्षित अंतर आणि खोदाईची सर्वांत खालची पातळी या दोन्ही खुणा जागेवर चुन्याने मारून घेतल्याशिवाय यंत्र आत जाऊ देऊ नये. खोदायचेच असेल तर शेपटीच्या बाजूला, जिथून ओढा तलावात शिरतो तिथे खोदावे. तिथला गाळ उंबरठ्याच्या वरचा असतो, तो भाग फेब्रुवारीतच उघडा पडतो आणि सावकाश, नीट उतार ठेवून काम करायला वेळ मिळतो.

आता आपल्या खऱ्या प्रश्नाकडे येतो, आणि त्यासाठी मीच आपल्याला एक प्रश्न विचारतो. पाट बंद असतानाही त्याच्या मुखाशी पाणी वाहताना दिसते का? बहुतेक जुन्या तलावांत विमोचकाची झडप झिजलेली असते, तिचा दांडा वाकलेला असतो किंवा खाली दगड अडकून ती पूर्ण बसत नाही. तिथून सेकंदाला दहा लिटर पाणी निसटत असेल, तर बघणाऱ्याला ती एक किरकोळ धार वाटते. परंतु दिवसाचे ते ८६४ घनमीटर होते. सव्वीस-सत्तावीस दिवसांत आपले ८,००० ट्रॉल्यांचे पाणी त्या धारेतून निघून जाते. बाष्पीभवन याहून मोठे असते, हे मान्य. नोव्हेंबरात दिवसाला चार मिलिमीटरच्या आसपास आणि एप्रिल-मे महिन्यांत आठ-दहा मिलिमीटर पाणी उडून जाते, पण सूर्यावर झाकण घालता येत नाही, झडप मात्र बदलता येते. तीस वर्षांच्या नोकरीत मी एक गोष्ट पाहिली : गाळ काढतानाचे छायाचित्र वर्तमानपत्रात छापून येते, झडप दुरुस्त केल्याचे कधीच येत नाही.

पाट बंद असताना मुखाशी पिंप लावा, ते किती सेकंदांत भरते ते पाहा आणि इथे कळवा.

उत्तर : गाळपेरकरीण

साहेबांनी शेपटीच्या बाजूने खोदा असे सहज लिहून टाकले, म्हणून मला लिहावे लागत आहे. आमचा तालुका वेगळा आहे, पण तलाव असाच आहे. त्या तलावात माझ्या सासऱ्यांची साडेचार एकर जमीन गेली. मोबदला त्या काळच्या दराने मिळाला आणि एका लग्नात संपला. पाणी ओसरले की शेपटीकडची जी ओल जमीन उघडी पडते, त्यावर आम्ही आणि आमच्यासारखी आणखी अकरा घरे गाळपेर करतो. रीतसर अर्ज करून, हंगामापुरती, पैसे भरून ती जमीन घेतो. हरभरा, जनावरांचा मका, उन्हाळ्याच्या तोंडावर टरबूज, एवढेच पीक निघते, पण त्याला पाणी द्यावे लागत नाही आणि खत टाकावे लागत नाही. ज्यांची जमीन पाण्याखाली गेली आणि ज्यांना पाटाचे पाणीही मिळत नाही, कारण त्यांची उरलेली जमीन तलावाच्या वरच्या अंगाला आहे, त्यांना त्या तलावाने परत दिलेले एवढे एकच आहे.

तीन वर्षांपूर्वी आमच्याकडे नेमके तिथेच यंत्र घातले गेले. वरचा सुपीक थर लाभक्षेत्रातल्या लोकांच्या शेतांवर गेला आणि आमच्या वाट्याला खाचखळगे आले, ज्यांत मार्चपर्यंत पाणी साचून राहते. गाळ काढण्याचा ठराव झाला त्या ग्रामसभेत आमच्यापैकी कोणाला विचारले नव्हते, कारण आमचे गाव तलावाच्या पलीकडचे, दुसऱ्या ग्रामपंचायतीचे. खोदू नका असे मी म्हणत नाही. परंतु बालाघाटावरच्या दादांनी ग्रामसभेत बोलण्याआधी आपल्या तलावाच्या शेपटीला कोण पेरते हे बघून यावे, आणि काढलेल्या गाळातला वाटा त्या लोकांच्या वरच्या हलक्या रानांवरही जावा, एवढे ठरावात लिहून घ्यावे.

उत्तर : निवृत्त शाखा अभियंता

ताई, आपले म्हणणे रास्त आहे आणि माझ्या उत्तरात ते यायला हवे होते. नकाशावर आम्ही त्या पट्ट्याला बुडीत क्षेत्र म्हणतो आणि तिथे कोणी पेरत असेल हे सोयीस्करपणे विसरतो. खोदाई करायची झाल्यास ती गाळपेरीचा हंगाम संपल्यावर, सर्वत्र सारखा थर काढून आणि उतार ओढ्याच्या दिशेने ठेवून करावी, म्हणजे खड्ड्यांत पाणी अडकून राहणार नाही. यंत्रवाल्याला हे आवडत नाही, कारण त्याला एका जागी उभे राहून भरायचे असते.

उत्तर : पाटाच्या शेवटचा

मी नाशिक जिल्ह्यातला असून आमची शेती वाघाड प्रकल्पाच्या लाभक्षेत्रात आहे. आपल्या तलावाच्या मानाने वाघाड बराच मोठा, मध्यम प्रकल्प आहे, तरी दुखणे तेच होते. धरण भरलेले असायचे आणि कालव्याच्या शेपटाला असलेल्या ओझर परिसरात पाणी पोहोचत नसे. १९९० च्या सुमारास बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे यांच्या समाज परिवर्तन केंद्राने तिथे पाणी वापर संस्था उभ्या करण्याचे काम हाती घेतले. सुरुवात झाली ती नेमकी शेपटाच्या गावांपासून, आणि पुढे संपूर्ण प्रकल्पावर अशा संस्था होऊन त्यांचा महासंघ झाला.

त्यातल्या दोन गोष्टी आपल्या उपयोगाच्या आहेत. पहिली अशी की संस्थेला पाणी क्षेत्रावर नव्हे, तर घनमापनाने मिळते. पाटावर मोजणीचे साधन बसवलेले असते, संस्थेच्या कोट्यातून किती पाणी उचलले गेले ते लिहिले जाते आणि त्याप्रमाणे पाणीपट्टी भरली जाते. २००५ मध्ये सिंचन पद्धतींचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन करण्यासंबंधीचा जो कायदा महाराष्ट्रात झाला, त्याने ही पद्धत नियमात आणली. पाणी मोजून मिळू लागल्यावर काय होते, तर रात्री पाट फोडणारा माणूस सरकारचे पाणी चोरत नसतो, शेजाऱ्याच्या कोट्यातले चोरत असतो, आणि मग शेजारीच राखणीला बसतो. दुसरी गोष्ट म्हणजे पाळी शेपटाकडून मुखाकडे देणे. शेवटच्या शेताचे भरणे झाल्याशिवाय वरच्याने दार उघडायचे नाही. कागदावर हे सोपे दिसते. प्रत्यक्षात पहिल्या दोन हंगामांत पाटकऱ्याबरोबर दोन-दोन माणसे रात्रभर पाटावर फिरत असत आणि काठ्याही बरोबर असत, हे लपवण्यात अर्थ नाही.

आपल्या तलावातच थेट मोटारी बसवल्या आहेत का, हेही पाहावे. आपल्याकडे वरच्या अंगाला ऊस असेल, तर पाट सुरू होण्याआधीच तलाव किती खाली गेला आहे हे तलावातल्या मोजपट्टीवर दिसेल. १.२ दलघमीच्या तलावात साडेसात अश्वशक्तीच्या पंधरा-वीस मोटारी दोन महिने चालल्या, तर गाळाचे आणि गळतीचे सगळे हिशेब बाजूला राहतात.

उत्तर : तलावाखालची विहीर

मला या चर्चेत एक कबुली द्यायची आहे. मी सांगोला तालुक्यातला. आमची विहीर एका लहान तलावाच्या खालच्या ओढ्याला लागून आहे आणि त्या तलावाच्या झडपेची धार गेली कित्येक वर्षे ओढ्यात वाहते. त्या धारेवर माझी अडीच एकर डाळिंबाची बाग उभी आहे. ओढ्याच्या दोन्ही काठांना अशा नऊ विहिरी आहेत. झडप दुरुस्तीसाठी माणसे आली, तेव्हा आम्हीच ‘आता हंगाम चालू आहे, पुढच्या वर्षी बघू’ असे म्हणून त्यांना चहा पाजून परत पाठवले होते. सर्व गावांत गळती केवळ दुर्लक्षामुळे राहते असे नाही. काही ठिकाणी ती कोणाच्या तरी सोयीची असते आणि तो कोणी फार श्रीमंत असतो असेही नाही. आपण झडप बंद करण्याचा ठराव मांडाल, तेव्हा विरोध कुठून येईल हे आधी ओळखून ठेवावे, म्हणून लिहिले.

उत्तर : पाटाच्या शेवटचा

वरील मित्राच्या प्रामाणिकपणाबद्दल आभार. ओझरला यावर निघालेला मार्ग सांगतो. तिथल्या संस्थांनी बाणगंगा नदीवर आणि ओढ्यांवर बंधारे घातले आणि आपल्या हक्काच्या कोट्यातलेच पाणी त्यांत सोडून विहिरी भरून घेतल्या. विहिरीवाला त्या पाण्याचा लाभ घेतो, तर त्याने त्याची पट्टीही भरावी, असा तो व्यवहार आहे. ओढ्यात पाणी जाणारच असेल, तर ते मोजून, ठरलेल्या दिवशी आणि ठरवून जावे. रात्रंदिवस निसटणाऱ्या धारेचे पाणी विहिरीला लागेलच याची खात्री नसते. ती धार पावसाळा संपल्यासंपल्या, जेव्हा विहिरी आधीच भरलेल्या असतात, तेव्हाही वाहतच असते.

उत्तर : झाडीपट्टीकर

साहेबांनी मृत साठ्यातल्या खोदाईचा उपयोग शून्य असे लिहिले, त्याला पूर्व विदर्भातून थोडी दुरुस्ती सुचवतो. आमच्या भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांत माजी मालगुजारी तलाव, म्हणजे पूर्वी मालगुजार जमीनदारांच्या ताब्यात असलेले तलाव, हजारोंनी आहेत. कोहळी समाजाने धानासाठी बांधलेल्या या तलावांतला नवेगाव बांधसारखा मोठा तलाव सोडला, तर बाकीचे बहुतेक आपल्या तलावाएवढे किंवा त्याहून लहान आहेत. मालगुजारी १९५० च्या कायद्याने गेली, तलाव सरकारचे झाले, आणि जी पाळ गाव दरवर्षी स्वतःच्या हाताने राखत असे, ती कोणाचीच राहिली नाही.

आमच्याकडे तलावाचे पाणी फक्त नहरेने वाहणारे पाणी असे कोणी समजत नाही. उन्हाळ्यात तलावात एखादा डोह राहिला पाहिजे, तिथे गुरे पाणी पितात, ढीवर समाजाची मासेमारी संस्था त्यावर जगते आणि मरळ, मागूर यांसारख्या मासळीचे बीज तिथे पुढच्या पावसाळ्यापर्यंत तग धरते. खोल आणि आखूड डोहात तेवढेच पाणी राहिले, तर उघडा पृष्ठभाग लहान असल्याने ते उडूनही कमी जाते. म्हणून मृत साठ्यात एक डोह राखणे हे मला वाया गेलेले काम वाटत नाही, मात्र ते डोहाच्या नावानेच करावे, सिंचन वाढेल असे सांगून नव्हे.

उलट आमच्याकडे सरसकट खरवडल्याने नुकसान झाले आहे. तळाच्या पाणवनस्पती गेल्या, त्यांवर जगणारी मासळी गेली आणि मोकळ्या झालेल्या काठावर बेशरम नावाचे तण माजले. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढीवर बांधवांबरोबर काही तलावांत बेशरम उपटून, तळ नांगरून, पूर्वीच्या पाणवनस्पती पुन्हा लावण्याचे काम केले आणि तिथे स्थानिक मासळी परत येऊ लागली. बीडच्या तलावात एवढी मासळी नसेलही, परंतु मासेमारीचा ठेका कोणाकडे आहे हे खोदण्यापूर्वी विचारून घ्यावे.

उत्तर : निवृत्त शाखा अभियंता

झाडीपट्टीकरांची दुरुस्ती मान्य. ‘पाटाच्या दृष्टीने शून्य’ एवढेच माझे म्हणणे समजावे.

एक महत्त्वाची गोष्ट सांगायची राहिली. सांगोल्याच्या मित्रांनी ओढ्यातल्या पाण्याचा उल्लेख केला, त्यावरून आठवले. झडपेतून येणारे पाणी आणि पाळीतून झिरपणारे पाणी यांची गल्लत करू नये. मातीच्या प्रत्येक पाळीतून थोडे पाणी झिरपतेच, म्हणूनच तिच्या खालच्या पायथ्याशी दगडांची भर घातलेली असते, जेणेकरून ते पाणी माती न नेता निथळून बाहेर पडावे. ते पाणी स्वच्छ असेल आणि दरवर्षी तेवढेच असेल, तर काळजीचे कारण नाही. ते गढूळ होऊ लागले, एकाएकी वाढले, पाळीच्या उतारावर नवी ओल किंवा खचलेली जागा दिसली, किंवा विमोचकाच्या बांधकामाच्या कडेने पाणी येऊ लागले, तर पाळ आतून पोखरली जात आहे असे समजावे आणि त्याच दिवशी लेखी कळवावे. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण फुटून खालची वस्ती वाहून गेली, तोही एक लहान मातीचा तलावच होता. गळतीच्या तक्रारी आधीपासून होत्या. नंतर खेकड्यांनी पाळ पोखरली या दाव्यावर बरीच चर्चा झाली. पाळीत बिळे होतात हे खरे आहे, घुशीही करतात, आणि बाभळी-पिंपळाची मुळे कुजून त्यांच्या पोकळ्याही होतात, पण बिळे बुजवणे आणि झाडे लहान असतानाच उपटणे हीच तर देखभाल असते.

आपल्या तलावाबाबत आणखी एक मुद्दा आहे. २०२१ च्या धरण सुरक्षितता कायद्यात १५ मीटरहून उंच धरणे येतात, तशीच १० ते १५ मीटर उंचीची, परंतु दहा लाख घनमीटर किंवा त्याहून अधिक साठ्याची धरणेही येतात. फलकावरचे आकडे खरे असतील तर आपला १३ मीटरचा आणि बारा लाख घनमीटरचा तलाव त्यात बसतो. अशा धरणाची पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर तपासणी करणे मालक यंत्रणेवर बंधनकारक आहे. १८० हेक्टरचे लाभक्षेत्र पाहता आपला तलाव मृद व जलसंधारण विभागाकडे असण्याची शक्यता अधिक आहे, कारण जिल्हा परिषदेकडे सर्वसाधारणपणे १०० हेक्टरांपर्यंतची कामे असतात. ग्रामपंचायतीच्या ठरावाने गेल्या दोन वर्षांचे तपासणी अहवाल मागवा. झडपेची स्थिती त्यात लिहिलेली असते. नसेल, तर ती का नाही हे विचारता येते.

प्रश्नकर्ता : बालाघाटावरचा

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला बारा दिवस लागले, कारण सांगितलेल्या गोष्टी एकेक करून पाहत होतो.

पाट बंद असताना मुखाशी आडवा पत्रा लावून पाणी एका पन्हळीतून काढले आणि दोनशे लिटरचे पिंप भरायला किती वेळ लागतो ते तीनदा मोजले. सरासरी २६ सेकंद आली. म्हणजे सेकंदाला सुमारे ७.७ लिटर, दिवसाला ६६५ घनमीटर. ब्रासमध्ये सांगायचे तर रोज २३५ ट्रॉल्या. आमच्या दोन उन्हाळ्यांच्या ८,००० ट्रॉल्या त्या धारेतून चौतीस दिवसांत जातात. हे गणित मी पारावर मांडले, तेव्हा पहिल्यांदा कोणी विश्वास ठेवेना, म्हणून दुसऱ्या दिवशी दहा जणांना घेऊन पिंप पुन्हा भरून दाखवले. पिंप भरत असताना एक म्हातारे गृहस्थ म्हणाले की ही झडप त्यांनी शेवटची पूर्ण बंद झालेली पाहिली, तेव्हा त्यांचा थोरला मुलगा शाळेत होता. त्या मुलाला आता नातू आहे.

गाळ बहुतेक पाळीसमोरूनच निघाला होता, साहेबांचा अंदाज दुर्दैवाने खरा ठरला. खड्डा उंबरठ्याच्या खाली असून त्यात आत्ताही गुरे पाणी पितात, तेव्हा झाडीपट्टीकरांच्या म्हणण्याप्रमाणे त्याला आता डोह म्हणू. पाळीच्या खालच्या अंगाला झिरपणारे पाणी स्वच्छ आहे, मात्र पाळीवर मनगटाएवढ्या बाभळी आहेत. तलावात अकरा मोटारी मोजल्या. त्यांतली एक आमच्या चुलत्यांची आहे. या विषयावर घरात बोलणे अजून व्हायचे आहे.

शेपटीला सहा घरे गाळपेर करतात आणि ती शेजारच्या गावची आहेत. त्यांना ग्रामसभेचे निरोप स्वतः जाऊन दिले. ताईंनी लिहिले नसते तर ते माझ्या ध्यानात आले नसते. खालच्या ओढ्याला चार विहिरी आहेत आणि सांगोल्याच्या दादांनी सांगितल्याप्रमाणे पहिला विरोध तिथूनच आला. त्यांच्याशी बोलताना ओझरचे उदाहरण दिले. झडप बसल्यावर जानेवारीत एकदा, ठरलेल्या दिवशी, मोजून पाणी ओढ्यात सोडायचे आणि त्याची पट्टी त्या चौघांनी भरायची, यावर तिघे तयार आहेत. चौथ्याचे म्हणणे आहे की आजवर फुकट आलेल्या पाण्याला पैसे का द्यायचे.

यंदाच्या गाळाच्या वर्गणीचा प्रस्ताव मागे घेऊन त्याऐवजी झडप, बाभळी आणि पाटाच्या शेवटच्या दीड किलोमीटरची साफसफाई असा ठराव मांडणार आहे. तपासणी अहवालांसाठी पत्र दिले आहे, पोच मिळाली आहे. एकच शंका उरली : झडप बदलण्यासाठी तलाव उंबरठ्यापर्यंत रिकामा होण्याची वाट पाहावी लागेल, की पाणी असतानाही हे काम करता येते?

उत्तर : निवृत्त शाखा अभियंता

आधी झडप वर उचलून खाली दगड किंवा लाकूड अडकले आहे का ते विभागाच्या माणसांकडून पाहून घ्या, कित्येकदा तेवढ्यानेच निम्मी गळती थांबते. दांडा आणि वरचे फिरवण्याचे चाक पाणी असतानाही दुरुस्त होते. झडपेची बैठक झिजली असेल, तर मात्र पाणी उंबरठ्याखाली जाईपर्यंत थांबावे लागेल. मे महिन्यात तो अवधी मिळेल, म्हणून अंदाजपत्रक मार्चच्या आत मंजूर झाले पाहिजे. गावातल्या कोणी हौसेने रात्री स्वतःच झडप ठोकायला जाऊ नये, विमोचकाच्या विहिरीत उतरणे जिवावर बेतते.

आणि पाळीवरच्या बाभळी मुळासकट उपटायला लावू नका. मनगटाएवढ्या झाल्यावर मूळ ओढले की पाळीत भोक पडते. त्या बुंध्याशी कापून, मुळांचे काय करायचे ते अभियंत्याला जागेवर विचारा.

प्रश्नकर्ता : बालाघाटावरचा

समजले. बाभळी उपटण्यासाठी उद्या सकाळी ट्रॅक्टर सांगितला होता, तो आत्ताच फोन करून थांबवला.